उघाडी

नेरुळच्या खाडीकडच्या अंगाला असलेल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत, अगदी जमिनीलगत, एक चौकोनी भोक आहे. त्यातून हात आरपार जातो. बाहेरच्या बाजूने त्यावर मोटारीच्या जुन्या टायरमधून कापलेला रबराचा एक तुकडा नायलॉनच्या दोरीने लोंबत ठेवलेला आहे. नवीन राहायला आलेल्यांना ती उंदीर आत येऊ नयेत म्हणून केलेली सोय वाटते, आणि प्रत्येकाला खरे कारण समजावून सांगण्याचा उत्साह आता आमच्यात उरलेला नाही. पण आमच्या सव्वा गुंठ्याच्या भाजीच्या बागेविषयी मला लिहायचे झाले, तर टोमॅटोच्या आधी मला या रबराच्या तुकड्याविषयीच लिहावे लागेल.

बाग सुरू झाली ती एका वादळामुळे. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून पुढे सरकले, त्या दिवशी आमच्या मागच्या अंगणातले दोन मोठे सोनमोहोर उन्मळून पडले. झाडे गेल्याची हळहळ आठवडाभर टिकली; मग कोणाच्या तरी लक्षात आले की जिथे कायम दाट सावली असायची, त्या पट्ट्यावर आता सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ऊन येते. तेव्हा बाजारातून आणलेली भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचे दिवस होते, आणि स्वतःच्या डोळ्यांसमोर उगवलेली पालकाची जुडी ही कल्पनाच मनाला धीर देणारी होती. चौदा कुटुंबांनी वर्गणी काढली. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, ज्यांनी पहिल्या दिवसापासून वही घातली. आणि मी होते, जिला तोवर गॅलरीतला ओवा आणि तुळस यांपलीकडे काही जगवता आले नव्हते.

दोन ब्रास लाल माती मागवली. ‘शेतातली, सुपीक’ असे पुरवठादाराने सांगितले होते. रात्री ट्रक रिकामा झाला आणि सकाळी पाहतो तर अर्धा मुरूम, आणि त्यात बाथरूमच्या फुटक्या टाइल्सचे निळे तुकडे. दोन ब्रास म्हणजे दोनशे घनफूट; सव्वा गुंठ्यावर पसरल्यावर त्याचा दोन इंचांचाही थर झाला नाही. हा हिशेब ट्रक मागवण्याआधी करायचा असतो हे काकांनी वहीत नंतर लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. तरीही तो पहिला हिवाळा छान गेला. मेथी, मुळा, पालक, लाल माठ, कोथिंबीर, सगळे उगवले. आम्ही फोटो काढले, पानांच्या जुड्या बांधून घरोघरी वाटल्या आणि आपल्याला शेती जमते अशी आमची प्रामाणिक समजूत झाली.

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात ती समजूत पाण्याखाली गेली. शब्दशः. तीन दिवस संततधार लागली आणि वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर दोन दिवस ती तशीच टवटवीत दिसत होती, त्यामुळे आम्हाला हायसे वाटले होते. तिसऱ्या दिवशी ऊन पडले आणि सगळी पाने एकदम मान टाकून खाली आली. एक रोप उपटून पाहिले, तेव्हा मुळांवरची साल बोटांत ओल्या कागदासारखी सुटून आली आणि तिला कुजलेल्या बटाट्याचा वास येत होता. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, मातीच्या कणांमधली हवा पाण्याने हाकलून लावली की ती गुदमरतात, आणि मग बुरशीला फार काही करावे लागत नाही, हे सगळे आम्ही वाचलेले होते. वाचलेले होते एवढेच.

आमची आणखी एक चूक होती. आमचे सगळे ज्ञान गच्चीवरचे होते. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून माती घडवून थोड्या जागेत भरपूर पिकवण्याची जी दृष्टी महाराष्ट्राला दिली, तिच्यावर मुंबईतल्या कितीतरी गच्च्या हिरव्या झाल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढली. आमच्यातल्या दोघीतिघी अशाच माहितीवर वाढलेल्या होत्या. ते सगळे शहाणपण आम्ही जिन्याने खाली उतरवले, पण गच्चीला उतार असतो, तिच्या कोपऱ्यात पाणी जाण्याचा पाइप असतो, ही गोष्ट वरच राहिली.

आमच्या फाटकाशी पावसाळ्यात गावठाणातल्या एक आजी अळू, टाकळा, कधी शेवळे, कधी कंटोळी घेऊन बसतात. वय त्यांनाही ठाऊक नाही. आमच्या मेलेल्या रोपांचा ढीग कचऱ्याच्या गाडीकडे चाललेला पाहून त्या उठून मागे आल्या, बाग पाहिली, भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, “इथंच आमची उघारी व्हती.” मी ‘उधारी’ असे ऐकले. कोणाची उधारी, किती, असे मी विचारायला लागले तेव्हा आजी इतक्या हसल्या की त्यांना कठड्यावर बसावे लागले. त्या सांगत होत्या उघाडीविषयी. आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, हे इतकी वर्षे नवी मुंबईत राहूनही माझ्या कानांना माहीत नव्हते.

उघाडी म्हणजे खारजमिनीच्या बांधातले दार. सिडकोची स्थापना 1970 साली झाली आणि ठाणे, उरण, पनवेल या भागांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले, ही माहिती आम्हा सगळ्यांना असते. पण त्या जमिनी कशा होत्या याचा विचार फ्लॅटचा करारनामा करताना कोण करतो? खाडीकाठचा कितीतरी पट्टा भातशेतीचा आणि मिठागरांचा होता. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलमातीचे बांध, आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून त्या बांधात मोक्याच्या जागी उघाडी. तिचे लाकडी झाकण बाहेरच्या अंगाला लोंबते. ओहोटीला आतल्या पाण्याचा रेटा बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा झाकण उघडते आणि शेतातले पाणी निघून जाते; भरतीला खाडीच चढते आणि स्वतःच्याच जोराने झाकण दाबून बंद करते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. सिडकोने शहर वसवताना जे धारण तलाव खोदले, त्यांचे तत्त्वही याहून वेगळे नाही: भरतीच्या वेळी पाऊस पडला तर शहरातले पाणी तलावात थांबवायचे, ओहोटी लागली की झडपांतून खाडीला सोडायचे. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की वर्तमानपत्रे इशारे का छापतात, हे मला त्या दिवशी, कठड्यावर बसून हसणाऱ्या आजींमुळे कळले.

“पानी अरवू नको बाय, त्याला जावाला वाट दे,” एवढे सांगून त्या पुन्हा अळूच्या टोपलीकडे गेल्या.

भिंतीच्या पायथ्याशी खणल्यावर ते भोक सापडले. बांधकाम करणाऱ्यांनी ठेवलेले होते, पण सिमेंटचे खडे आणि डेब्रिज यांनी पूर्ण बुजलेले. पलीकडे महापालिकेचे पावसाळी गटार. आम्ही भोक मोकळे केले, बागेच्या मधोमध दीड फूट खोल चर खणला, दोन्ही बाजूंना गादीवाफे उचलले, चरातून निघालेली माती वाफ्यांवरच चढवली. पुढच्याच पावसात पाणी धावत धावत त्या भोकाकडे गेले, आणि आम्ही छत्र्या धरून टाळ्या वाजवल्या. चार दिवसांनी उधाणाची भरती होती. गटार तुंबले आणि तेच पाणी त्याच भोकातून आत आले. खालच्या दोन वाफ्यांतला माठ आणि मुळा गटाराच्या पाण्यात भिजला होता. खाण्याचा प्रश्नच नव्हता, सगळा उपटून खतात टाकावा लागला. वाट दोन्ही बाजूंनी चालते, हे आजींनी सांगितले नव्हते. बहुधा ते सांगायची गरज असेल असे त्यांना वाटलेच नसावे. मग टायरचा तुकडा आला. पहिल्यांदा प्लंबरने त्याला बिजागऱ्या लावल्या होत्या, त्या खारट हवेत एका मोसमात गंजून बसल्या. दोरी अजून टिकली आहे.

इथे ही हकीकत संपली असती तर बरे झाले असते. पण पाण्याला वाट करून दिल्यावर पुढच्याच वर्षी पाणी आलेच नाही. 2023 चा ऑगस्ट हा देशभरात 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ‘न पडतील मघा, तर वरती बघा’ असे म्हणतात. मघा नक्षत्र नेमके ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते आणि आम्ही अक्षरशः वरती बघत होतो. उंच केलेले वाफे पावसात जितके उपयोगी, तितकेच उघडिपीत वैरी. चारही बाजूंनी त्यांना वारा लागतो. भेंडीची पाने दुपारी लोंबू लागली. आणि मग मातीवर एक गोष्ट दिसली, जी आम्ही आधी चुना समजलो. वाफ्यांच्या कडांवर आणि चराच्या उतारावर पांढुरकी, भुरभुरीत साय धरली होती. बोटाने उचलून जिभेला लावली. खारट.

खारजमिनीत मीठ खाली असते, आणि वरची माती वाळली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे पाणी वर चढते. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मागे राहते. वरून पसरलेल्या दोन इंच मातीने त्याला काय अडवणार! म्हणजे माती झाकणे हे केवळ ओल टिकवण्याचे काम राहिले नाही, मीठ खाली ठेवण्याचेही झाले. उरलेल्या झाडांचा पाला, नारळाच्या झावळ्या, सुकलेले गवत, गणपतीच्या दिवसांत निर्माल्यातली फुले आणि पत्री असे सगळे वीतभर जाडीचे आच्छादन तेव्हापासून आम्ही वाफ्यांवर ठेवतो. सोसायटीचा पाला जाळण्याची जुनी सवय त्यामुळे आपोआप सुटली, कारण आता पाला कमी पडतो. शेजारच्या सोसायटीच्या सफाई कामगारांकडून आम्ही गोणी मागून आणतो आणि त्यांना आमच्या डोक्याविषयी शंका येते.

पाण्याच्या बाबतीतही मिठाने आम्हाला शिकवले. घरोघरच्या आरओ यंत्रांतून वाया जाणारे पाणी बागेला द्यावे, ही कल्पना ऐकायला फार छान वाटते. पण त्या पाण्यात गाळून वेगळे काढलेले क्षारच असतात, आणि आमच्या मातीला ते देणे म्हणजे मीठभाकरीवर पुन्हा मीठ. ते आता फरशी पुसायला जाते. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित. एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक विंगेच्या मागे एसीच्या नळ्यांखाली तेलाचे रिकामे डबे ठेवलेले दिसतात आणि पुदिना, गवती चहा त्या पाण्यावर उन्हाळा काढतात. गल्लीत गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचे पाणी पिऊन पुदिना थंड राहतो, यातला विनोद मला दर वर्षी नव्याने जाणवतो. पावसाळ्यात मात्र साठवण अगदी सोपी: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सायकल स्टँडचे चाळीस चौरस मीटरचे पत्रे आहेत, त्यामुळे पाच मिलिमीटरच्या एका सरीत दोनशे लिटरचा ड्रम भरतो. आमच्याकडे तीन ड्रम आहेत. पावसाळ्याच्या मानाने ते काहीच नाहीत, पण दहा-बारा दिवसांची उघडीप निघते, आणि आम्हाला तेवढेच हवे असते.

काय लावायचे याचे वादही हळूहळू मिटले, किंवा मातीने मिटवले म्हणा. फरसबीला मीठ अजिबात सोसत नाही. दोनदा लावून सोडून दिली. बीट, पालक, माठ यांची कुरकूर कमी. चवळी चालते. पावसात जमिनीवरची नाजूक पालेभाजी लावण्याचा हट्ट आम्ही सोडला आहे. तेव्हा सगळे मांडवावर चढते, शिराळी, पडवळ, कारली, आणि चराच्या ओल्या काठावर अळू, ज्याला पाय पाण्यात असल्याचे सुखच वाटते. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची इकडची जुनी रीत आहे. आम्ही भात लावत नाही, पण ऑक्टोबरमध्ये चर आटू लागला की त्याच्या उतारावर वाल टोचतो आणि पाण्याचा एक थेंब न घालता तो बऱ्यापैकी येतो. पहिल्या वर्षीचे वालाचे बी आजींनी दिले होते, रुमालाच्या गाठीतून, मोजून. भाताचे म्हणाल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’ अशा नावांच्या. म्हणजे आमच्या घरापासून काही स्थानकांवर लोक नेमक्या याच मातीशी कितीतरी वर्षे झटत होते, आणि आम्ही मोबाइलवर कोणत्या तरी थंड देशातल्या बागांचे व्हिडिओ पाहत होतो.

आम्ही एकाच दिवशी सगळे बी पेरत नाही. भेंडी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन खेपांत पेरायची, एक खेप सडली तर दुसरी, दुसरी वाळली तर तिसरी. काकांना हे सुरुवातीला पटले नव्हते. त्यांच्या वहीत पेरणीची एकच तारीख मावेल एवढाच रकाना होता.

26 मे 2025 रोजी मात्र वहीचा काही उपयोग झाला नाही. मोसमी पाऊस मुंबईत त्या दिवशी दाखल झाला, नेहमीच्या 11 जूनच्या दोन आठवड्यांहून जास्त आधी, आणि इतक्या लवकर तो नोंदींमध्ये पूर्वी कधी आलेला नव्हता. आमचा चर साफ करण्याचा रविवार ठरलेला असतो जूनचा पहिला. चरात वर्षभराचा पाला, मुलांचे दोन चेंडू आणि एक प्लास्टिकची चप्पल होती. भर पावसात, वरच्या हिरव्या जाळीतून पाणी गळत असताना, आम्ही पाच जणांनी तो उपसला. काकांनी तर ऑफिसच्या जुन्या शर्टावर. रोहिणीत पाऊस पडला म्हणून आजींना मात्र विशेष काही वाटले नाही. भोकाकडे बोट दाखवून त्यांनी फक्त विचारले, “झाकन हाय ना?”

लवकर आलेल्या पावसाने गोगलगायीही लवकर आणल्या. शंखी गोगलगाय ज्याने पाहिली नाही, त्याला तिची भीती समजणार नाही. मुठीएवढा शंख, आणि एका रात्रीत पडवळाच्या रोपाचा नुसता दांडा शिल्लक. औषध मारायचे नाही असे आमचे ठरलेले आहे, म्हणून संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांमध्ये पसरायची आणि रात्री दहानंतर टॉर्च, हातमोजे आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन निघायचे. गोणपाट उचलले की खालून चिकट, चमकणाऱ्या रेघा आणि त्यांच्या टोकाला त्या, एकमेकींना खेटून, शिंगे आत घेत. पहिल्या रात्री 37 मिळाल्या. दुसरीतल्या एका मुलीने सगळ्या मोजल्या आणि मग बादलीकडे पाहून रडू लागली. तिच्या आईने तिला वर नेले आणि आम्ही बाकीचे थोडा वेळ काही न बोलता उभे राहिलो. भाजी पिकवणे ही निव्वळ निरुपद्रवी, सात्त्विक गोष्ट आहे असे मी त्या रात्रीपासून कोणाला सांगत नाही.

या सगळ्यातून चौदा घरांना मिळते ते किती? बऱ्या दिवसांत प्रत्येक घराला आठवड्यातून एक-दोन वेळची भाजी, वाईट दिवसांत चार मिरच्या आणि कढीपत्ता. बाकीची सगळी भाजी तुर्भ्याच्या बाजार समितीतून येते, नाशिक, जुन्नर, सातारा या भागांतून रात्रभर चालून आलेल्या ट्रकांमधून, आणि घाटात दरड कोसळली की कोथिंबिरीची जुडी आमच्या फाटकाशीही महागते. शहराने आपली भाजी आपण पिकवावी असे काहीजण मोठ्या आवाजात म्हणतात तेव्हा मी आमच्या सव्वा गुंठ्याकडे पाहते आणि गप्प बसते. एवढे मात्र आहे की ट्रकांमधल्या भाजीमागे किती रात्रींचे चर उपसणे असेल, याचा अंदाज आता आम्हाला येतो, आणि फाटकाशी आजींबरोबर अळूच्या जुडीवरून घासाघीस करणे आमच्यापैकी बहुतेकांनी बंद केले आहे.

गेल्या जुलैत अशीच एक रात्र आली. पावसाचा जोर आणि भरती एकाच वेळी. चराच्या कडेला आम्ही एक वीट उभी रोवली आहे, तिच्यावर काकांनी ऑइलपेंटने तीन पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत. साडेबाराला पाणी दुसऱ्या रेघेवर होते. पलीकडच्या गटाराचा आवाज येत होता आणि रबर भिंतीला घट्ट चिकटून बसले होते. हात घालून पाहिले तर बाहेरचे पाणी त्याला आत दाबत होते आणि कडांमधून फक्त एक बारीक धार येत होती. करण्यासारखे काहीच नव्हते. आम्ही तिघे सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभे राहिलो, कोणीतरी थर्मासमधून चहा आणला. दोनच्या सुमारास पाणी तिसऱ्या रेघेला टेकले आणि तिथेच थांबले. त्यानंतर बराच वेळ काही झाले नाही. मग आवाज बदलला. आधी मला वाटले पाऊस कमी झाला, पण पाऊस तसाच होता. काकांनी टॉर्च भोकावर धरला. रबराची खालची कड हळूच बाहेरच्या बाजूला उचलली गेली, खाली पडली, पुन्हा उचलली गेली, आणि चरातला पालापाचोळा एकेक करून त्या दिशेने सरकू लागला.

सकाळी आजी आल्या तेव्हा वीट पहिल्या रेघेच्या खालपर्यंत कोरडी होती. त्यांनी अळवाची चार पाने स्वतःच खुडून टोपलीत टाकली आणि पैसे विचारले नाहीत, दिलेही नाहीत.